मामांच्या रिपोर्टातलं सी-पेप्टाइड

मामांचं तासगावला शिलाईचं दुकान आहे. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवतायत. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा मशीनवर बसल्या बसल्याच त्यांनी ड्रॉवरमधून लॅबचा रिपोर्ट काढून माझ्या हातात ठेवला. मधुमेह त्यांना जुनाच. गोळ्या चालू होत्या आणि सहा महिन्यांपासून इन्सुलिनचं इंजेक्शनही सुरू झालं होतं. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी, सगळे आकडे त्यांना तोंडपाठ. पण खाली एक नवीन ओळ होती.

"हे सी-पेप्टाइड काय गं? साखर न्हवं, इन्सुलिन न्हवं. मग डॉक्टर ह्यात मोजतात तरी काय?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. एका वाक्यात सांगता आलं असतं की इन्सुलिन तयार होताना कापला जाणारा तो एक तुकडा आहे. पण मामांचा पुढचा प्रश्न मला माहीत होता: कापायचाच होता तर मुळात जोडला कशाला? त्याचं उत्तर द्यायचं तर पेशीच्या आत जावं लागतं. दुकान बंद व्हायला तासभर होता. स्टूल ओढून बसले.

पेशीची आकृती शाळेत आपण सगळ्यांनी काढली आहे. एक मोठा गोल, आत केंद्रक, दोन-चार लांबट तंतुकणिका, गॉल्गीच्या वाकड्या रेषा आणि बाजूला बाण मारून नावं. प्रत्येक नावापुढे एक ओळ पाठ: तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. परीक्षेत मार्क पडतात, पण पेशी कळत नाही, कारण आकृती थांबलेली असते आणि पेशी एक क्षणही थांबत नाही. ही सगळी पेशीअंगकं सतत एकमेकांच्या हातात काहीतरी देत असतात. ती वस्तू धरून तिच्यामागे चालत गेलं की कोण कुठे का बसलंय ते आपोआप उलगडतं. माझा हा हट्ट नवा नाही. जॉर्ज पलाडे यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडातल्या पेशींना काही मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्लं दिली आणि त्यांतून बनलेलं प्रथिन कोणत्या वेळी कुठे पोचलंय ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पहिल्या तीन मिनिटांत ते आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पापुद्र्यांच्या जाळ्यात होतं, मग गॉल्गीकडे सरकलं आणि दोनेक तासांत साठवणीच्या दाण्यांत जाऊन बसलं. १९७४ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. आपणही तसंच एका इन्सुलिनच्या मागे जाऊ.

जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड मुख्यतः पाचकरस बनवतं. पण त्यात अधूनमधून वेगळ्याच पेशींची छोटी बेटं आहेत. पॉल लँगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये ती पहिल्यांदा नोंदवली, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. ती काय करतात हे त्याला सांगता आलं नव्हतं. स्वादुपिंडाच्या वजनात ही बेटं जेमतेम एक-दोन टक्के. त्यांतल्या बीटा नावाच्या पेशी इन्सुलिन बनवतात. एक बीटा पेशी साधारण १० मायक्रोमीटरची, म्हणजे मामांच्या टेपवरच्या एका मिलिमीटरमध्ये अशा शंभर पेशी ओळीने बसतील.

सुरुवात केंद्रकापासून. तिथे ४६ गुणसूत्रांमध्ये मिळून सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो आणि केंद्रकाचा व्यास १० मायक्रोमीटरपेक्षाही कमी. इन्सुलिन कसं बनवायचं हे ११ व्या गुणसूत्रावर लिहिलेलं आहे. गंमत म्हणजे ते मामांच्या बोटाच्या कातडीतल्या पेशींतही जसंच्या तसं लिहिलेलं आहे, फक्त तिथे ते पान उघडलं जात नाही. बीटा पेशीत ते सतत उघडं असतं.

मूळ डीएनए केंद्रकाबाहेर जात नाही. त्याची नक्कल जाते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. मामांच्या दुकानात जाड कागदाचे कापलेले नमुने खिळ्याला टांगलेले असतात. नमुन्यावरून खडूने आखून घ्यायचं आणि नमुना परत खिळ्याला. तसंच हे. केंद्रकाच्या आवरणाला हजारो छिद्रं असतात, पण त्यांतून कुणीही शिरू किंवा बाहेर पडू शकत नाही. प्रत्येक छिद्र म्हणजे सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांनी रचलेलं राखणीचं दार आहे, कोण आत जाईल आणि कोण बाहेर पडेल ते तिथे ठरतं. कोविडच्या काळात आरएनएच्या लशीने आपली जनुकं बदलतील अशी भीती पुष्कळांच्या मनात होती. पुण्यात तयार झालेल्या जेनोवाच्या लशीलाही २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती याच जातीची. या लशीतला आरएनए केंद्रकाबाहेरच वाचला जातो आणि थोड्या वेळात मोडून जातो. डीएनएपर्यंत जाण्याचं त्याला कामच नसतं.

केंद्रक नसेल तर काय होतं, याचं उदाहरण मामांच्या रिपोर्टातच होतं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तयार होताना केंद्रक बाहेर टाकून देतात. मग नवीन नकला नाहीत, दुरुस्ती नाही. सुमारे १२० दिवस चालतात आणि मोडीत निघतात. साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, म्हणून ती चिकटलेली साखर मोजली की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी समजते.

नक्कल बाहेर आली की रायबोझोम तिला पकडतात. रायबोझोम म्हणजे २५-३० नॅनोमीटरचं, स्वतः आरएनए आणि प्रथिनांचंच बनलेलं यंत्र. नकलेवरची अक्षरं ते तीन-तीन करून वाचतं आणि प्रत्येक त्रिकुटाला ठरलेलं एक अमिनो आम्ल माळेत ओवत जातं. इन्सुलिनची पहिली माळ ११० मण्यांची असते आणि सेकंदाला पाचेक मणी या वेगाने ती अर्ध्या मिनिटाच्या आत ओवून होते. रायबोझोमची रचना अणूपर्यंत उकलल्याबद्दल २००९ मध्ये नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक, वेंकटरामन रामकृष्णन, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. ही रचना कळल्याचा उपयोग थेट औषधांत होतो. अॅझिथ्रोमायसिन जिवाणूंच्या रायबोझोमला अडवतं. आपल्या पेशीद्रव्यातले रायबोझोम घडणीने वेगळे, म्हणून ते सुटतात.

आता इथे एक गोष्ट घडते, जी मला शिकवताना दरवर्षी नव्याने आवडते. माळेचे पहिले २४ मणी इन्सुलिनचे नसतातच. तो पत्ता असतो. ते मणी रायबोझोममधून डोकं बाहेर काढतात न काढतात तोच एक कण येऊन त्यांना धरतो, ओवणं क्षणभर थांबवतो आणि रायबोझोमला नकलेसकट आंतर्द्रव्यजालिकेच्या दारावर नेऊन टेकवतो. मग ओवणं पुन्हा सुरू होतं आणि माळ सरळ जालिकेच्या आत उतरते. पत्त्याचं काम झालं, ते २४ मणी तिथेच कापले जातात. हा पत्ता ग्युंटर ब्लोबेल यांनी शोधला, १९९९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शाळेच्या आकृतीत जालिकेवर जे ठिपके काढून आपण "खडबडीत" लिहितो, ते ठिपके म्हणजे असे दारावर टेकलेले रायबोझोम. ते तिथे कायमचे चिकटलेले नसतात. कामापुरते येतात.

उरले ८६ मणी. जालिकेच्या आत सरळ माळेचा काही उपयोग नाही, तिला नेमकी घडी पडावी लागते. प्रथिनाचं काम त्याच्या आकारावर असतं. इन्सुलिनच्या माळेचे तीन भाग आहेत: एका टोकाला ३० मण्यांचा बी, दुसऱ्या टोकाला २१ मण्यांचा ए आणि मध्ये त्यांना जोडणारा एक तुकडा. मधल्या तुकड्यामुळे माळ अशी वळते की ए आणि बी समोरासमोर येतात. मग गंधकाचे तीन टाके पडतात. दोन टाके ए आणि बीला एकमेकांशी बांधतात, तिसरा ए मधल्याच दोन जागा ओढून धरतो. आपल्या केसांना घट्टपणा देणारे टाकेही याच जातीचे.

टाका चुकीच्या जागी पडला तर? जालिकेत मदतनीस प्रथिनं असतात, ती चुकलेली घडी सोडवून पुन्हा घालायला लावतात. तरीही जमलं नाही तर तो नग मागच्या दाराने बाहेर काढून मोडला जातो. ही तपासणी किती महत्त्वाची ते काही तान्ह्या मुलांच्या आजारात दिसतं. इन्सुलिनच्या जनुकात एखादंच अक्षर बदललेलं असतं, घडी बसत नाही, जालिकेत बिघडलेल्या माळांचा ढीग साचतो आणि बीटा पेशी त्या ताणाने मरतात. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह दिसतो. साखरेचा आजार म्हणतो आपण, पण या बाळांमध्ये त्याचं मूळ घडी न बसण्यात असतं.

घडी झालेला नग आता जालिकेच्या पापुद्र्याच्या फुग्यात बसून गॉल्गी संकुलाकडे जातो. कामिलो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये घुबडाच्या चेतापेशी चांदीच्या क्षारांनी रंगवल्या तेव्हा त्यांना आत एक जाळी दिसली. पुढची पन्नासेक वर्षं अनेक शास्त्रज्ञ म्हणत राहिले की ती खरी नव्हेच, रंगाचे डाग आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या स्पष्ट दिसल्या आणि वाद संपला. गॉल्गीचं मोठं काम वाटणीचं. लयकारिकेत जायच्या प्रथिनांवर इथे एक विशिष्ट साखरेची खूण लावली जाते. ती खूण लावणारं विकर (एन्झाइम) जन्मतः नसेल तर लयकारिकेचा माल भलतीकडेच, पेशीबाहेर, जातो आणि लयकारिका रिकाम्या राहून न पचलेल्या कचऱ्याने फुगतात. फार गंभीर आजार आहे तो, लहान वयातच मूल जातं.

आपलं इन्सुलिन मात्र बाहेर जाण्यासाठी साठवायच्या दाण्यांत भरलं जातं. दाणा म्हणजे पापुद्र्याची इवलीशी पिशवीच. आतलं पाणी हळूहळू आंबट होतं आणि त्या आंबटपणात दोन-तीन विकरं जागी होऊन मधला तुकडा दोन्ही टोकांना कापतात. ए आणि बी गंधकाच्या टाक्यांनी आधीच बांधलेले, ते एकत्र राहतात. हे ५१ मण्यांचं खरं इन्सुलिन. सहा-सहा इन्सुलिन जस्ताच्या दोन कणांभोवती जमतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. सांध्यांवरचे चार मणी कापताना निघून जातात आणि उरलेला मधला तुकडा, ३१ मण्यांचा, त्याच दाण्यात पडून राहतो.

मामा काजं करत ऐकत होते. काही बोलले नाहीत. मी पुढे गेले.

एका बीटा पेशीत असे सुमारे दहा हजार दाणे तयार असतात. पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं, २५ नॅनोमीटर जाडीच्या नळ्यांचं. त्यांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन दोन पायांनी चालतं, एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, पाठीवर माल. या नळ्या क्षणाक्षणाला एका टोकाने वाढतात, मोडतात, पुन्हा वाढतात. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी पाहिली असेल. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. ते नळीच्या विटांनाच चिकटतं आणि नळी वाढू देत नाही. म्हणूनच तो कंद इतका विषारी आहे. हेच द्रव्य अगदी थोड्या मात्रेत गाऊटच्या सांधेदुखीवर डॉक्टर देतात, कारण सुजलेल्या सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही या नळ्या लागतात.

दाणे तयार आहेत, पण सोडायचे कधी? इथे येतात तंतुकणिका आणि "ऊर्जाकेंद्र" हे एका शब्दाचं उत्तर इथे फारच तोकडं पडतं. तुम्ही भाकरी खाल्ली, रक्तात साखर वाढली, ती बीटा पेशीत शिरली. पेशी तिचे पहिले तुकडे पेशीद्रव्यातच करते, पुढचं काम तंतुकणिकेत. तिथे ऑक्सिजनच्या मदतीने साखरेतली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरली जाते. इतर पेशी हे एटीपी कामासाठी खर्च करतात. बीटा पेशी ते खर्च तर करतेच, शिवाय मोजतेही. तिच्या प्रद्रव्यपटलात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, पोटॅशियमची दारं असतात आणि एटीपी वाढलं की ती बंद होतात. एरवी या दारांतून पोटॅशियम बाहेर झिरपत असतं आणि पटलावर विजेचा एक ठरावीक दाब टिकून असतो. दारं बंद झाली की तो दाब बदलतो, मग कॅल्शियमची वेगळी दारं उघडतात, कॅल्शियम आत धावतं आणि पटलाजवळ वाट पाहत असलेले दाणे सुटतात. जेवणानंतर काही मिनिटांत. म्हणजे रक्तात साखर किती आहे हे बीटा पेशीला तिच्या तंतुकणिका सांगतात.

"तुमची सकाळची गोळी कुठली?" मी मामांना विचारलं. ग्लिमेपिराइड. ती गोळी नेमकं त्याच पोटॅशियमच्या दारावर जाऊन ते बंद करते, साखरेची वाट न पाहता. म्हणूनच ती घेऊन जेवण चुकवलं की साखर धाडकन उतरते. मामींनी मशीनमागून मान हलवली. हे त्यांनी एकदा पाहिलेलं होतं, बिस्किटं आणि साखरपाणी घेऊन धावल्या होत्या.

तंतुकणिकेबद्दल आणखी थोडं. तिचा स्वतःचा डीएनए आहे, १६,५६९ अक्षरांचा, जिवाणूसारखा वर्तुळाकार. तिचे रायबोझोमही जिवाणूंच्या रायबोझोमच्या जवळचे. कारण फार पूर्वी ती स्वतंत्र जिवाणू होती, दुसऱ्या पेशीत शिरली आणि तिथेच राहिली. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं, आज ते सर्वमान्य आहे. आपल्याला या तंतुकणिका आईकडूनच मिळतात. त्यांच्या डीएनएमध्ये ३२४३ व्या जागी एक अक्षर बदललं तर काही घराण्यांत मधुमेह आणि बहिरेपणा बरोबरीने येतात, आणि तो वारसा फक्त आईकडून चालतो. ज्या मुलांनी तंतुकणिकांचं काम नीट समजून घेतलंय त्यांना यात आश्चर्य वाटत नाही: साखर मोजणाराच अधू झाला तर दाणे वेळेवर कसे सुटतील?

दाणा सुटतो म्हणजे नेमकं काय होतं? प्रद्रव्यपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर, जाडी अवघी पाच नॅनोमीटरच्या आसपास. दाण्याचा पापुद्राही त्याच द्रव्याचा. मिसळीच्या कटावर तेलाचे दोन थेंब एकमेकांना लागले की कसे एक होतात, तसे हे दोन पापुद्रे एक होतात. फक्त इथे ते आपोआप होत नाही. दाण्यावरची आणि पटलावरची प्रथिनं एकमेकांत पीळ घालून त्यांना जवळ ओढतात आणि कॅल्शियम आलं की शेवटचा झटका देतात. या सगळ्या वाहतुकीचा उलगडा केल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि सुडोफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं. पटल फाटत नाही, गळत नाही. दाण्यातलं सगळं रक्तात.

जे दाणे बरेच दिवस सुटलेच नाहीत ते लयकारिकेत जातात. आतलं पाणी आम्लाचं, त्यात पचवणारी विकरं. दाणा मोडून त्यातली अमिनो आम्लं पुन्हा वापरायला परत दिली जातात. "आत्मघाती पिशव्या" हे नाव पुस्तकातून काढावं असं मला मनापासून वाटतं. मुलांच्या डोक्यात मरणच बसतं, आणि लयकारिका तर रोज घर झाडत असते.

आणि आता मामांचा प्रश्न. दाण्यातलं सगळं रक्तात उतरतं म्हटलं, तर इन्सुलिनबरोबर तो ३१ मण्यांचा मधला तुकडाही उतरतो. तोच सी-पेप्टाइड. एका इन्सुलिनमागे बरोबर एक. इन्सुलिन रक्तात पाचेक मिनिटंच टिकतं, त्यातलं निम्मं तर पहिल्याच फेरीत यकृत उचलतं. सी-पेप्टाइड त्यापेक्षा बराच जास्त वेळ टिकतं, म्हणून मोजायला सोपं. आणि बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, कारण ते इन्सुलिन जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून बनवून, शुद्ध करून भरलेलं असतं. मामांच्या रक्तातलं इन्सुलिन मोजलं तर सुईतलं किती आणि स्वतःचं किती, ते वेगळं काढणं अवघड. सी-पेप्टाइड मात्र सगळं त्यांच्या बीटा पेशींचंच.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. हातातल्या ब्लाऊजच्या कटोरीला पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातलेले होते. पक्की शिलाई झाली होती. त्यांनी कच्च्या दोऱ्याचं टोक धरून तो एका ओढीत बाहेर काढला.

"म्हंजे हे," ते म्हणाले. "दोन तुकडे जागेवर धरायला घालायचा. टीप पडली की काढायचा."

"हेच, मामा. अगदी हेच."

"आणि संध्याकाळी केर काढताना हे दोरे मोजले, की दिवसात माझ्या हातची किती शिवली ते कळतं. बाहेरून आलेल्या तयार मालाचा कच्चा दोरा इथं कसा पडंल?"

मग रिपोर्ट पुन्हा हातात घेऊन त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. आकडा कमी होता, पण शून्य नव्हता.

"आहेत अजून दोरे," ते म्हणाले, आणि मामींना रिपोर्ट नीट घडी करून ठेवायला दिला.